वालचंद हिराचंद: कुर्ल्यात मोटार बनवणारा माणूस, आणि त्या मोटारीचा उरलेला रंग

फोनवर मॅप उघडा आणि कुर्ला पश्चिमेला झूम करा. विद्याविहार आणि कुर्ला स्टेशनच्या मध्ये 'प्रीमियर रोड' असं नाव दिसेल. घाटकोपर-कुर्ल्याची आपली पिढी या रस्त्याने मॉलला किंवा ऑफिसला जाते. नाव कुठून आलं, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. इथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशकं धावलेली फियाट, म्हणजेच नंतरची प्रीमियर पद्मिनी, इथे तयार व्हायची.

हा कारखाना उभा करणारे वालचंद हिराचंद दोशी. माझ्या डिग्री सर्टिफिकेटवर त्यांचं नाव आहे, कारण मी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा इंजिनिअर. चार वर्षं ते नाव रोज गेटवर वाचलं, पण माणूस कोण होता हे नीट समजलं ते मुलुंडला आमच्या पार्किंगमध्ये बाबांच्या पद्मिनीवर काम करायला लागल्यावर. म्हणून या लेखात दोन गोष्टी एकत्र आहेत. आधी वालचंद यांचं आयुष्य, आणि त्यानंतर गाडीचा रंग आणि काच घरच्या घरी कशी जपायची याची माहिती. दोन्हींचा संबंध काय, ते पुढे कळेलच.

सोलापूर ते रेल्वेचा ठेका

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षण सोलापूर आणि मुंबईत झालं. पेढीवर बसून व्याज मोजायचं, अशी सरळ वाट समोर होती. त्या वाटेवर त्यांचं मन रमलं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. कामाची माहिती फाटकांकडे होती आणि भांडवल उभं करण्याची ताकद वालचंद यांच्याकडे. आजच्या भाषेत, एक टेक्निकल को-फाउंडर आणि दुसरा फंडिंग आणणारा. 'फाटक-वालचंद' ही जोडी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झाली. बार्शीची ती नॅरोगेज गाडी सोलापूर-उस्मानाबाद भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवते.

पुढे कामं मोठी होत गेली. मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाटातले बोगदे खोदण्याचं काम त्यांच्या कंपनीने केलं. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू केली. हे नाव विक्रोळीकरांच्या चांगलं ओळखीचं आहे.

उपनगरातल्या माणसाला जवळचं वाटेल असं एक काम म्हणजे तानसाची पाइपलाइन. तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारे मोठे पाइप टाकण्याचा ठेका वालचंद यांच्या कंपनीकडे होता. मुलुंड, भांडुप, घाटकोपर भागात वस्त्यांच्या कडेने जाणारे जाडजूड पाइप तुम्ही पाहिले असतील. आज दिसणारा प्रत्येक पाइप त्यांनीच टाकलेला नाही, मधल्या काळात बदल झाले आहेत. पण शहराला पाणी पोचवणाऱ्या या व्यवस्थेत त्यांचा हात होता. या पाण्याचं गाडी धुण्याशी काय नातं आहे, ते पुढे सांगतो.

पहिली मोठी टक्कर: जहाज

पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकायला होतं. वालचंद यांना जहाजाच्या धंद्याचा अनुभव शून्य. तरीही नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी ते घेतलं. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. ५ एप्रिल हा भारतात राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात, तो यामुळेच.

समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं. भाडी पाडून नव्या कंपनीला संपवणं त्यांना सहज जमायचं. सिंदिया टिकली, पण किंमत मोजून. १९२३ च्या करारात तिला मुख्यतः भारताच्या किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं थांबावं लागलं. जहाज आपलं असलं तरी ते कुठे जाणार हे दुसरा ठरवणार, अशी ही अवस्था होती. हा अनुभव वालचंद यांच्या पुढच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला.

याच काळात त्यांनी शेतीत आणि साखरेतही पाऊल टाकलं. मालेगावजवळचं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ही नावं तिथूनच आली. लहानपणी 'पान पसंद' गोळी खाल्ली असेल, तर ती याच रावळगावची.

मोटार करायला गेले, विमान घेऊन आले

१९३० च्या दशकात भारतात मोटारी होत्या, पण भारतीय मोटार नव्हती. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती. जोडत होती, म्हणजे सुटे भाग बाहेरून पेट्यांत भरून यायचे आणि इथे फक्त जुळणी व्हायची. फोनच्या बाबतीत आपण हाच वाद ऐकतो: मागे 'मेड इन इंडिया' लिहिलंय, पण आतला डिस्प्ले आणि चिप कुठली? तोच प्रश्न तेव्हा मोटारीबद्दल होता.

सर विश्वेश्वरय्या यांनी त्या दशकात परदेशातले कारखाने पाहून भारतातल्या मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंद यांनी तो धागा उचलला. ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही. क्रायस्लरशी जमलं आणि १९४० मध्ये करार झाला. पण दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि ब्रिटिश सरकारला या कारखान्यात रस नव्हता. सरकारी पाठबळ मिळालं नाही, योजना रखडली.

गंमत म्हणजे, मोटारीच्या बोलणीवरून १९३९ मध्ये परतताना प्रवासात त्यांना विल्यम पॉली हा अमेरिकन भेटला. त्याचा धंदा विमानांचा. त्या भेटीतून विमान कारखान्याची कल्पना निघाली आणि म्हैसूर संस्थानाने साथ दिली. २३ डिसेंबर १९४० ला बेंगळुरूमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. आजची एचएएल ती हीच. पुढच्याच वर्षी, २१ जून १९४१ ला, विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली.

जहाज, विमान, मोटार असे तिन्ही उद्योग एकाच माणसाने एकाच वेळी अंगावर घेतले होते. हे वाचायला भारी वाटतं, पण याची दुसरी बाजूही बघायला हवी. एवढ्या कामांना लागणारा पैसा एका घराकडे नव्हता. सगळं कर्जावर, शेअरवर आणि भागीदारांच्या भरवशावर चाललेलं. त्यामुळे सरकारने दार लावलं की कामाचा श्वास कोंडायचा. विमानाचा कारखाना १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेसाठी सरकारने घेतला. विशाखापट्टणमला बांधलेलं 'जल उषा' हे जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं, पण १९५२ मध्ये त्या कारखान्याचा मोठा हिस्साही सरकारकडे गेला.

तिघांपैकी हातात राहिली ती मोटार.

कुर्ल्याचा कारखाना

प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. कारखान्यासाठी जागा निवडली कुर्ल्याची. तेव्हा तो भाग शहराच्या बाहेरच होता. आज ज्याला आपण एलबीएस रोड म्हणतो त्या आग्रा रोडचा आणि मध्य रेल्वेचा असा दोन्हींचा शेजार. १९४० च्या दशकाच्या अखेरीस इथून डॉज, प्लिमथ, डी सोटो अशा अमेरिकन नावांच्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवातीला इथेही बाहेरून आलेल्या भागांची जुळणी जास्त होती. वालचंद यांना ते माहीत होतं. त्यांचा हट्ट असा की आधी जुळणी शिकू, मग एकेक भाग इथे बनवू.

हा दुसरा टप्पा त्यांना पूर्ण बघायला मिळाला नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची साथ केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर इटलीच्या फियाटशी असलेल्या सहकार्यातून १९५४ पासून 'फियाट ११००' ही छोटी गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. हळूहळू तिचे भाग इथेच बनू लागले. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबलं. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी निवृत्त झाली.

सांगलीचं कॉलेज १९४७ मध्ये 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' म्हणून सुरू झालं होतं. वालचंद यांच्या निधनानंतर, १९५५ मध्ये, त्याला त्यांचं नाव मिळालं.

आता पार्किंगमधल्या पद्मिनीकडे

आमची पद्मिनी नव्वदच्या दशकातली आहे. दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस तपासून आरसीची मुदत वाढवायची, एवढं तिचं सरकारी काम. घरात मात्र वाद आहे. आईचं म्हणणं, विकून टाका. बाबांचं म्हणणं, नव्याने रंग देऊन चकचकीत करू. आणि माझं म्हणणं, आहे तो रंग जपू. कारण हा रंग कुर्ल्याच्या कारखान्यात चढलेला आहे. तो कारखाना आता नाही. घासून गेला तर वरून नवा रंग मिळेल, पण तो रंग मिळणार नाही.

हे भावनिक वाटेल, पण यामागे साधी मापं आहेत.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे गाडीची चमक केसापेक्षाही पातळ थरात असते. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर बोटांचे डाग न धरणारा थर असतो ना, तो वापराने झिजतो. गाडीचंही तसंच आहे.

जुन्या, साध्या रंगाच्या बहुतेक गाड्यांवर क्लिअर कोट नसायचा. रंग आणि चमक एकाच थरात. गॅरेजवाले स्प्रेच्या रंगाला अजूनही 'ड्यूको' म्हणतात. तो मूळचा अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीचा १९२० च्या दशकातला रंग. त्याच्यामुळे गाडी रंगवून सुकायला लागणारे दिवस तासांवर आले. ब्रँड मागे पडला, शब्द राहिला.

तुमच्या गाडीवर कोणता थर आहे हे ओळखायला सोपी युक्ती आहे. डिकीच्या आतल्या कडेला, म्हणजे सहज दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन हलकेच घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट नाही. मग प्रत्येक पॉलिशला मूळ रंगच कमी होतोय, हे लक्षात ठेवा.

रंगासाठी घरगुती पद्धत

१. कोरडं फडकं मारू नका. एलबीएस रोडला मेट्रोचं काम, आजूबाजूला रिडेव्हलपमेंट, त्यामुळे गाडीवर सिमेंट आणि वाळूची धूळ बसते. वाळूतलं क्वार्ट्झ रंगापेक्षा आणि काचेपेक्षाही कठीण असतं. कोरडं पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर मारणं. आधी पाणी ओता, धूळ वाहू द्या.

२. दोन बादल्या घ्या. एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड दर वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शॅम्पूत बुडवा. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, वॅक्सचा थर निघून जातो.

३. वरून खाली, सरळ रेषेत. गोल गोल घासलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे येतात. ते बघायचे असतील तर संध्याकाळी फोनचा टॉर्च तिरका धरा.

४. पाणी कोणतं आहे ते बघा. महापालिकेचं तलावाचं पाणी तुलनेने मऊ असतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं आणि त्यातले क्षार वाळून पांढरे डाग पडतात. तानसाच्या पाइपलाइनचा विषय इथे येतो. प्यायचं पाणी गाडीवर उधळू नका, पण जड पाण्याने धुतली तर शेवटची अर्धी बादली नळाच्या पाण्याची वापरा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या.

५. पक्ष्यांची शिट दिसली की वाट बघू नका. ओलं कापड पाच मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाली की उचला. घासू नका.

६. पॉलिश क्वचित, वॅक्स नियमित. पॉलिश थर कमी करतं, वॅक्स वरून आवरण देतं. सावलीत, पत्रा थंड असताना लावा. बॉनेटच्या आणि दारांच्या कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे हात हलका ठेवा.

सोसायटीत सकाळी गाड्या धुणारे काका एकाच फडक्याने दहा गाड्या पुसत असतील, तर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना दोन चांगली मायक्रोफायबर कापडं आपल्या गाडीसाठी वेगळी देऊन ठेवा. मी हेच केलं आहे.

समोरच्या काचेसाठी

आजच्या गाडीची समोरची काच दोन काचांची असते आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. दगड लागला तरी तुकडे चिकटून राहतात. फ्रान्समधल्या बेनेडिक्टस या माणसाने अशा काचेचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. बाजूच्या काचा सहसा टफन्ड असतात, फुटल्या की त्यांचे बारीक दाणे होतात. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो काढून झूम करा, कोणती काच आहे ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

रात्री ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर समोरच्या गाडीचे दिवे काचेवर पसरतात, त्याला कारण बहुतेक वेळा तेलकट थर असतो. बाहेरून तो रस्त्यावरून येतो, आतून डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून. काच बाहेरून उभी आणि आतून आडवी पुसा. मग रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूला आहे हे लगेच कळतं. क्षारांचे डाग असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून फक्त काचेवर वापरा, रंगावर सांडू देऊ नका. वायपरचं रबर दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसा आणि पावसाळ्याआधी तपासा. कडक झालेलं रबर काचेवर कायमची कमान कोरतं.

नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर तो घरी घासून काढायचा प्रयत्न नको. घासलेल्या जागी काच लहरते आणि समोरचं दृश्य वाकडं दिसतं. हा चमकेचा विषय नाही, जिवाचा आहे. अशी काच बदलायचीच.

मग आमचं काय ठरलं?

बाबांना मी ओरडून पटवलं नाही. डिकीच्या कडेवर पांढरं कापड घासून दाखवलं आणि त्यावर आलेला रंग त्यांच्या हातात दिला. पूर्ण रंगकाम तूर्त रद्द झालं. जिथे गंज आहे तेवढ्याच जागेचं डेंटिंग-पेंटिंग करायचं, बाकी वर्षातून दोनदा वॅक्स. आई अजून विकायच्याच बाजूला आहे, आणि तिचा मुद्दा चुकीचा नाही. मुंबईत पार्किंगची जागा फुकट नसते.

वालचंद यांचं नाव मुंबईत बॅलार्ड इस्टेटजवळच्या रस्त्याला आहे, सांगलीच्या कॉलेजला आहे, इंदापूरजवळच्या गावाला आहे. ही नावं टिकतील. कुर्ल्यात माणसांनी हाताने बनवलेल्या गाड्या मात्र दर वर्षी कमी होत आहेत. तुमच्या घरी, चाळीच्या अंगणात किंवा गावाला आजोबांच्या गोठ्यात एखादी उभी असेल, तर तिला पेंटरकडे नेण्याआधी पांढऱ्या कापडाची चाचणी करा आणि टॉर्च लावून चार फोटो काढा. किती रंग उरलाय हे आधी कळू द्या, घासायचं की नाही ते नंतर ठरवा.